रिकाम्या पाकिटाचा खुलासा

तीर्थस्वरूप भाऊजींच्या सेवेशी, कंबर परवानगी देईल तितके वाकून नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? मागील भेटीत आपण जिन्याच्या प्रत्येक पायरीशी वाटाघाटी करीत वर आला होता, ते पाहून मी आपणांस एक व्यायाम सांगितला होता. तो आपण करीत नसणार असे गृहीत धरून पुढे लिहितो. ताईच्या रक्तदाबाची चौकशी मुद्दाम करीत नाही. तो वाढला असल्यास त्याचे कारण मी आहे असे आपल्या घरात म्हटले जात असणार, आणि अपुऱ्या पुराव्यावर काढलेल्या निष्कर्षांना चौकशी करून प्रतिष्ठा देण्याची मला सवय नाही. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. सौ. माझ्याशी बोलत नाही, एरवी तिची प्रकृती उत्तम. आमची लेक टिकलीही माझ्याशी बोलत नाही. पण तिच्या बाबतीत ते लग्नाच्या गडबडीमुळे की तत्त्वामुळे, याचा निर्णय अद्याप झालेला नाही.

गेल्या आठवड्यात आपण गॅलरीतून तोंडावर हात धरून केलेला फोन पोहोचला. मागे कुंड्यांत पाणी पडल्याचा आवाज येत होता, त्यावरून आपण झाडांचे निमित्त करून बाहेर आला असावात असे मी अनुमान केले. (झाडांना आता आठवडाभर पाणी घालू नये, फोन बराच वेळ चालला होता.) आपले म्हणणे मी पुन्हा मांडतो, म्हणजे त्यात माझ्याकडून काही भर पडली असल्यास आपणांस दुरुस्त करता येईल. टिकलीच्या लग्नाचे निमंत्रण म्हणून माझ्याकडून आपल्या घरी एक पाकीट आले. पत्ता सुबक छापलेला होता. ताईने ते उघडले तर आत काहीही नव्हते. तिने ते उजेडाकडे धरून पाहिले, हलवून पाहिले, शेवटी चारही बाजूंनी उसवून टेबलावर सपाट पसरले. मग म्हणाली, ‘नाव बाहेर, आत काही नाही. आपली जागा कळली.’ आणि लग्नाला येणार नाही असे जाहीर करून वाटाणे सोलायला बसली.

प्रकरण येथेच थांबले असते तर मी खुलासा करण्याच्या भानगडीत पडलो नसतो. सत्य हे उशिरा का होईना आपली वाट आपण काढते असा माझा अनुभव आहे. परंतु लग्न नोंदणी पद्धतीने व्हायचे आहे, म्हणजे एक टेबल, एक अधिकारी, काही सह्या आणि मग जेवण. आणि त्या सह्यांपैकी साक्षीदाराची सही आत्याचीच हवी असा टिकलीचा हट्ट आहे. कॉलेजची सारी वर्षे ती आपल्या घरी राहिली. ताईने तिला पोहायला, गाडी चालवायला आणि माझ्याशी वाद घालायला शिकवले, आणि तिन्ही विषयांत ती पारंगत झाली. तिने मला सरळ सांगितले आहे, ‘आत्याची सही नाही तर माझीही नाही. मग तुम्ही आणि तुमचा प्रिंटर, दोघं मिळून करा लग्न.’ मुलाकडच्यांना यातले अद्याप काही कळलेले नाही. तारीख मात्र पुढच्या पंधरवड्यातली आहे, आणि नोंदणी कार्यालयातले अधिकारी तर्काने तारीख बदलून देत नाहीत, हे मी विचारून आलो आहे.

आता मूळ हकीकत. पाकिटांवर पत्ते छापण्याचा प्रश्न उद्भवला तोच मुळी ताईमुळे. निमंत्रणे पाठवायचे ठरले त्या दिवशी तिने फोन करून, पाकिटे माझ्याकडे पाठव, मी हाताने लिहून देते, असे सांगितले. ताईचे अक्षर उत्तम आहे हे मी नाकारीत नाही. (मी सहसा काहीच नाकारीत नाही, फक्त वर्गवारी करतो.) परंतु हस्ताक्षर कितीही सुंदर असले तरी त्यात एकरूपता नसते. पहिल्या पाकिटावरचा ‘श्री’ आणि शेवटच्या पाकिटावरचा ‘श्री’ यांच्यामध्ये लिहिणाऱ्याचा थकवा दिसतो, आणि ज्या पाहुण्याच्या वाट्याला थकलेला ‘श्री’ येतो त्याचा तो एक प्रकारे उपमर्दच होय. हे मी तिला सविस्तर समजावून दिले. ती ‘बरं’ म्हणाली. तिचे ‘बरं’ आपणांस परिचित आहे.

घरात लेझर प्रिंटर होताच. मी निवृत्त झालो तेव्हा विभागातल्या मंडळींनी तो दिला. आता घरी बसून काय ते छापा, असा त्यामागचा भाव असावा. निमंत्रणपत्रिका छापखान्यातून आल्या त्यांच्यासोबत पाकिटेही आली होती, पण त्यांवर उठावाची सोनेरी वेलबुट्टी होती आणि आतून चकचकीत अस्तर. लेझर प्रिंटर शाई उडवीत नाही, भाऊजी. तो एक अतिशय बारीक काळी पूड कागदावर बसवतो आणि मग तापलेल्या रुळांमधून कागद ओढून ती वितळवून, दाबून पक्की करतो. म्हणजे त्यात पाकीट घालणे हे पाकिटाला दोन्ही बाजूंनी इस्त्री करण्यासारखे आहे; आणि सोनेरी वेलबुट्टीवर इस्त्री फिरवल्यास काय होते हे आमच्या सौ.ला विचारावे. (दिवाणखान्यातील एका पडद्याबाबतचा तो विषय आहे, येथे नको.) सबब ती पाकिटे मी परत केली, आणि स्वतः योग्य पाकिटे निवडण्यासाठी स्टेशनरीच्या दुकानात गेलो. माझ्या आयुष्यातील शांततेचा कालखंड येथे संपतो.

स्टेशनरीवाल्याला मी चार साधे प्रश्न विचारले. कागदाचे वजन किती, तंतूंची दिशा कोणती, जोड बाजूला आहे की तिरपा, आणि झाकणावरचा डिंक ओलाव्याने चिकटणारा की दाबाने? त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी आजवर केवळ तोंडी परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत पाहिली होती. ‘काका,’ तो म्हणाला, ‘पाकीट आहे. पत्र आत जातं, मग बाहेर येतं.’ यानंतर त्याने एकेक नमुना काढायला सुरुवात केली आणि प्रत्येक नमुन्यासोबत ‘हे चालतंच’ असे म्हटले. पारदर्शक खिडकीचे पाकीट चालते म्हणाला. ती खिडकी रुळांवर वितळून कायमची वस्तीला राहील हे त्याच्या गावी नव्हते. पट्टी सोलून चिकटवायचे पाकीट चालते म्हणाला. त्याचा चीक गरम होऊन यंत्रभर पसरेल हेही नव्हते. पितळी चिमट्याचे पाकीट त्याने दाखवले तेव्हा मात्र मी दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांना उद्देशून थोडे बोललो. (दोघे जण काही न घेता निघून गेले. मला त्यात गैर वाटत नाही.)

शेवटी मीच एक जाड, खरबरीत, हातकागदाचे पाकीट पसंत केले. त्याला एक भारदस्तपणा होता. हातात घेतल्यावर एखाद्या विद्वान माणसाशी हस्तांदोलन केल्यासारखे वाटे. घरी येऊन पहिले पाकीट छापले. अक्षरे देखणी उमटली. मी समाधानाने त्यावरून अंगठा फिरवला, आणि आपला पत्ता पाकिटावरून निघून माझ्या अंगठ्यावर आला. खरबरीत कागदाच्या उंचवट्यांवर पूड बसते, खळग्यांपर्यंत रुळांची उष्णता पोहोचत नाही, आणि अक्षर नुसते वरवर टेकून राहते, ही गोष्ट भारदस्तपणाच्या भरात माझ्या लक्षात आली नाही. आपल्या घराचा क्रमांक दिवसभर माझ्या अंगठ्यावर होता. सौ.ने तो पाहिला आणि माझ्यासमोर साबण आणून ठेवला, जे तिच्या बाजूने बरेच बोलणे असते.

दुसऱ्या खेपेस मी भारदस्तपणाला थारा दिला नाही. गुळगुळीत पृष्ठभागाची, मध्यम वजनाची, घड्या धारदार असलेली आणि तिरप्या जोडाची पाकिटे निवडली. तिरप्या जोडाची यासाठी, की ज्या पाकिटाचा जोड कडेला असतो त्याची आत शिरणारी बाजू कागदाचे थर साचून जाड होते आणि यंत्राच्या घशात अडकते. झाकणाला साधा, ओला करून लावायचा डिंक होता. तो मी पाहिला, त्याची नोंद मनात घेतली आणि पुढे गेलो. या वाक्याकडे आपण परत येऊ नये अशी माझी इच्छा आहे, परंतु यावे लागेल.

आता ही पाकिटे यंत्रात भरायची कशी? ट्रेवर एक चित्र कोरलेले आहे. नखाएवढे पाकीट, त्यावर एक बाण, आणि झाकण दाखवणारी एक तिरकी रेघ. ते पाकीट आपण वरून पाहतो आहोत, खालून पाहतो आहोत की प्रिंटरच्या आत बसून बाहेर पाहतो आहोत, याचा उलगडा ते चित्र करीत नाही. मी तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले आहे. सर्व शक्यता कागदावर मांडून, विसंगत त्या खोडून, मी निर्विवादपणे सिद्ध केले की छापायची बाजू खाली आणि झाकण डावीकडे असले पाहिजे. त्याप्रमाणे पाकीट भरले आणि पत्ता झाकणाच्या बाजूला, उलटा छापून आला. सिद्धतेत चूक नव्हती. ती मी नंतर पुन्हा तपासली. यंत्रच सिद्धतेशी विसंगत वागत होते. टिकलीने एका पाकिटावर पेन्सिलीने फुली मारली, ते आत सोडले, फुली कोठे येते ते पाहिले आणि ‘हे असं’ म्हणून निघून गेली. हल्लीच्या पिढीला निष्कर्ष हवा असतो, मार्ग नको असतो.

दिशा कळली तरी पाकिटे सुखासुखी जाईनात. गठ्ठा भरला की दोन-दोन एकत्र ओढली जात आणि आत जाऊन एकमेकांच्या गळ्यात पडत. मग कळले की पाकिटांत हवा राहते; पट्टी फिरवून ती दाबून काढावी लागते, गठ्ठा पत्त्यांच्या पानांसारखा पिसून मोकळा करावा लागतो, ट्रेमध्ये मोजकीच ठेवावी लागतात आणि बाजूच्या पट्ट्या त्यांना टेकतील पण चिमटणार नाहीत अशा सरकवाव्या लागतात. एवढे करूनही प्रत्येक पाकीट सुरकुतलेले बाहेर येई, जणू आत जाऊन म्हातारे होऊन परत आले. मेकॅनिक बोलावला. तो उभ्यानेच म्हणाला, ‘साहेब, हे मशीन पाकिटासाठी नाहीच. मोठं घ्या.’ त्याच्या खिशात मोठ्याचे माहितीपत्रक तयार होते. मी त्याला विचारले की पाकिटांसाठी रुळांचा दाब कमी करण्याची काही सोय असते काय. तो म्हणाला, अशी सोय कुठल्याच मशीनला नसते, मी पंधरा वर्षं या लाइनमध्ये आहे. मी त्याला चहा दिला, दारापर्यंत पोचवले आणि परत येऊन प्रिंटरचे मागचे दार उघडले. आत डाव्या-उजव्या बाजूंना दोन हिरव्या कळा होत्या आणि प्रत्येकीशेजारी पाकिटाचे चित्र होते. कळा खाली ओढल्या, मागचे दार उघडेच ठेवले म्हणजे पाकिटाला बाहेर पडताना वळण घ्यावे लागणार नाही, आणि पहिले पाकीट सोडले. ते सरळ, कोरे करकरीत, एकही सुरकुती न पाडता माझ्या हातात आले. भाऊजी, मी आनंदाने ओरडणारा माणूस नाही. परंतु मी उठून उभा राहिलो, हे मान्य करतो.

पुढचा भाग आपण शांतपणे वाचावा. पाकिटांचे कोपरे किंचित वळू लागले होते, कारण हवा दमट होती. म्हणून मी ती छापण्यापूर्वी माझ्या प्रबंधाच्या दोन्ही खंडांखाली दाबून ठेवली. (प्रबंधाचा प्रत्यक्ष जीवनात झालेला हा पहिला उपयोग, असे सौ. म्हणाली. तेव्हा ती बोलत होती.) यादी मी मानाच्या क्रमाने लावली होती. आणखी नेमके सांगायचे तर, कोण लवकर रुसेल या क्रमाने. कारण ज्यांची नाराजी अधिक त्यांची पाकिटे आधी आणि निर्दोष गेली पाहिजेत हे उघड आहे. त्या क्रमात आपले घर कोठे होते हे येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. पहिला गठ्ठा छापून झाला, तो मी टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात पत्ते वर करून निवायला ठेवला आणि पहिली, हातकागदाची पाकिटे परत करायला स्टेशनरीवाल्याकडे गेलो. त्याने ती घेतली नाहीत. त्या चर्चेला बराच वेळ लागला.

आमच्या घरात टेबलाच्या उजव्या कोपऱ्याचा एक नियम आहे. तो मीच घातलेला आहे आणि गेली कित्येक वर्षे त्याचा भंग झालेला नाही. उजव्या कोपऱ्यात जे बंद पाकीट असेल, त्यावर पत्ता असेल, ते तयार समजावे. त्यावर तिकीट लावून ते पेटीत टाकावे. ते उघडू नये, उजेडाला धरू नये, आणि ‘यात काय आहे’ असे विचारू नये. एकेकाळी सौ. प्रत्येक पाकिटाबाबत हा प्रश्न विचारी, त्यावर मी हा नियम करून तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस लावला. मी दुकानात वाद घालीत असताना सौ. खोलीत आली, कोपऱ्यात बंद पाकिटांचा गठ्ठा पाहिला, तिकिटे लावली आणि संध्याकाळच्या फेरीला जाताना सारी पाकिटे पेटीत टाकून आली. मी परतलो तेव्हा कोपरा रिकामा होता आणि निमंत्रणपत्रिकांचा खोका कपाटात जसाच्या तसा होता.

मी विचारले. ती म्हणाली, ‘पाकीट बंद होतं. पत्ता होता. उजव्या कोपऱ्यात होतं.’

मी म्हणालो, हाताला हलके लागले नाही का?

‘लागलं की. पण प्रश्न विचारायचे नाहीत ना,’ असे म्हणून ती तांदूळ निवडू लागली. त्यानंतर ती बोललेली नाही. तिच्या युक्तिवादात मला फट सापडली नाही, आणि याचाच मला अधिक त्रास होतो आहे.

परंतु पाकिटे बंद झाली कशी? मी एकही बंद केले नव्हते. नमुना म्हणून एक पाकीट मी माझ्या नावाचे छापून वहीत ठेवले होते. ते काढून पाहिले, तर तेही बंद. तेव्हा उलगडा झाला. झाकणावरचा तो साधा डिंक (ते वाक्य आले) दमट हवेत थोडा ओलसर होतो, प्रबंधाखाली दाबला गेला की आणखी लगट करतो, आणि तापलेल्या रुळांतून गेला की ठाम चिकटतो. पत्ता छापताना यंत्राने प्रत्येक पाकीट रिकामेच मोहोरबंद करून दिले होते. मी पत्त्याची बाजू पाहत होतो. ती इतकी निर्दोष होती की पाकीट उलटे करून पाहण्याचे मला सुचले नाही. कोणत्याही रसिक माणसाला सुचले नसते.

बाकीच्या मंडळींचे काय झाले हे कळवणे आवश्यक आहे, म्हणजे ताईच्या प्रतिक्रियेला एक परिप्रेक्ष्य लाभेल. धाकट्या काकांनी फोन करून निमंत्रण फार आवडले, मोजके आणि आटोपशीर आहे, असे सांगितले. त्यांनी पाकीट उघडलेलेच नाही हे पुढच्या वाक्यात कळले. आमच्या विभागाचे माजी प्रमुख, ज्यांच्याशी माझे वैचारिक मतभेद सर्वश्रुत आहेत, त्यांनी कळवले की माझ्या आजवरच्या लेखनात हेच सर्वांत निर्दोष आहे. आमच्या होणाऱ्या व्याह्यांनी तर कमाल केली. रिकामे पाकीट म्हणजे ‘आहेर आणू नये, रिकाम्या हाताने यावे’ असा सूचक संदेश आहे, असे त्यांनी स्वतःच ठरवले, चार लोकांना दाखवले आणि ही किती नाजूक कल्पना आहे म्हणून माझे अभिनंदन केले. मी ते स्वीकारले. त्यांचा गैरसमज दूर करणे हा त्यांच्या आनंदावर घाला झाला असता. या सर्वांकडे मी नंतर पत्रिका पोहोचत्या केल्या आणि प्रकरण मिटले. म्हणजे पाहा, रिकाम्या पाकिटाचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या स्वभावानुसार लावला, आणि एकट्या ताईने तो माझ्या स्वभावानुसार लावला.

आपल्याकडे पत्रिका लगोलग का धाडली नाही, असे आपण विचाराल. धाडणारच होतो, तेवढ्यात ताईचे उत्तर आले. एक पांढरे पाकीट, माझ्या नावाचे. आत काही नव्हते. मी ते उजेडाकडे धरले, हलवले आणि शेवटी उसवलेही. या घराण्याची संशोधनपद्धती एकच असावी. त्यावरचा पत्ता हाताने लिहिलेला होता. ओळी आखल्यासारख्या सरळ, समास सारखा, आणि पहिला ‘श्री’ व गावाच्या नावातला ‘श्री’ यांच्यात, मी भिंग लावून पाहिले, तसूभरही फरक नव्हता. ते पाकीट टिकलीने माझ्या हातातून घेतले आणि आपल्या टेबलावर उभे करून ठेवले. ‘आता नुसती पत्रिका पाठवाल तर ती परत येईल,’ ती म्हणाली. ‘फोन करा आणि चुकलं म्हणा. एवढाच शब्द. नंतर वाटल्यास प्रस्तावना जोडा.’

मी काल फोन केला. ताईने उचलला. ‘कोण?’ असे विचारले. मी माझे नाव सांगितले, तरी तिने पुन्हा ‘कोण?’ विचारले, तेव्हा मी पदवीसह सांगितले. तिच्या मागे आपण भांडी जरा जास्तच आवाज करून विसळीत होता. मग मी पाकिटाच्या प्रकारांपासून सुरुवात केली. जोड, तंतू, हवा, हिरव्या कळा इथपर्यंत ती ऐकत होती, मला निश्चित माहीत आहे, कारण तिचा श्वास ऐकू येत होता. डिंक कोणत्या उष्णतेला मऊ होतो हे सांगायला मी लागलो, तेव्हा ती म्हणाली, ‘यंत्राचं सगळं सांगितलंस. तुझं काही असेल तर बोल.’ मी म्हणालो की तेच सांगतो आहे. तिने फोन ठेवला.

आता आपल्याला विनंती. या पत्रातील पाकिटांचा भाग (स्टेशनरीवाल्याचा वगळल्यास हरकत नाही) आपण ताईला योग्य वेळ पाहून, तिचे जेवण झाल्यावर, वाचून दाखवावा. त्यावरून दोष नेमका कोणाचा हे तिच्या ध्यानात येईल. हवेचा काही भाग, डिंकाचा मोठा भाग, मेकॅनिकच्या अज्ञानाचा भाग, उजव्या कोपऱ्याच्या नियमाचा, म्हणजे पर्यायाने सौ.च्या नको तितक्या आज्ञाधारकपणाचा भाग, आणि हे सारे वजा जाता माझ्या वाट्याला येतो तो भाग इतका अल्प आहे की त्यासाठी एखाद्याने आपल्या भाचीच्या लग्नाकडे पाठ फिरवावी हे प्रमाणात बसत नाही. हे आपण तिला पटवून द्यालच. आपण कधीही कोणालाही काहीही पटवून दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही, परंतु आपल्या शांत स्वभावाबद्दल माझ्या मनात आदर आहे.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. मधल्यांनी आपापले पाहावे. गुडघ्याला जपावे.

आपला,
खुलासा संपवून थकलेला
मेहुणा

ता. क. आपण स्वतः कधी पाकिटे छापणार असाल तर सपाट झाकणाची, ताजी, कोरड्या जागी ठेवलेली घ्यावीत. एक आधी छापून उलटून पाहावे. आणि छापल्यावर लगेच झाकणे उघडून ठेवावीत. ही माहिती मी कोणाकडूनही घेतलेली नाही.

ता. क. २. सौ.ने हे पत्र वाचले. (उजव्या कोपऱ्याचा नियम आज दुपारी रद्द झाला. कपाटावरून कागद मीच काढला. डिंक निघाला नाही.) तिचे म्हणणे, दोषाच्या वाटणीतून तिचे नाव काढावे, नाहीतर लग्नाला ती सुद्धा रिकाम्या खुर्चीनेच उत्तर देईल. काढले आहे असे समजावे. त्यामुळे माझा भाग थोडा वाढतो.

ता. क. ३. वरील वाक्य लिहून पुन्हा हिशेब केला. डिंक मी पाहिला होता. हवा दमट आहे हे मला माहीत होते. नियम मी केला होता. आणि पाकिटे लिहून देते म्हणणाऱ्या माणसाला थकव्यावर व्याख्यानही मीच दिले होते. मेकॅनिकचा भाग तेवढा त्याच्याकडे ठेवतो.

ता. क. ४. हे ताईसाठी. ताई, भाऊजींच्या नावाची पत्रे किटलीच्या वाफेवर धरून तू आधी वाचतेस आणि पुन्हा चिकटवून त्यांच्या चष्म्याखाली ठेवतेस, हे मला ठाऊक आहे. माझी पत्रे तू अशीच वाचायचीस आणि मीही तुझी. वाफेवर बोट भाजल्याची खूण अजून माझ्या हाताला आहे. म्हणून हे पत्र भाऊजींच्या नावाने लिहिले. पाकिटावरचा पत्ता मी हाताने लिहिला आहे. ओळ उजवीकडे चढली आहे आणि ‘श्री’ पहिलाच असून थकलेला आहे. झाकण नुसते टोकाला टेकवले आहे, डिंकाचा एक ठिपका. तुला पाणी उकळावे लागू नये म्हणून. आत पत्रिका आहे. मी पाहिली, सौ.ने पाहिली, आणि टिकलीने आम्हा दोघांवर विश्वास न ठेवता पुन्हा पाहिली. ताई, चुकलं. यंत्राचं नाही, माझं. ये.

ता. क. ५. भाऊजी, हे आपल्या हाती पडेल तेव्हा पाकीट घट्ट चिकटवलेले असेल. कृपया चकित झाल्यासारखा चेहरा करून उघडावे, मोठ्याने वाचावे आणि चौथ्या ताज्या कलमाशी आल्यावर आपणांस खोकला यावा.